खंडनिवड (ऑनलाइन भूमिकाखेळ)

खंडनिवड : एकाच नावाखाली अनेक खंडांत विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन कल्पनारम्य भूमिकाखेळाचा (एखादे पात्र घेऊन खेळायच्या रोल-प्लेइंग गेमचा) नेमका कोणता खंड आधी विकत घ्यावा, याचा निर्णय. कोल्हापुरात हाच प्रश्न ‘कुठला पार्ट घ्यायचा?’ असा विचारला जातो. भाग, पार्ट, खंड आणि विस्तार हे चारही शब्द खेळाडू एकमेकांच्या जागी वापरतात. चुकीच्या खरेदीचे मूळ बहुधा याच सैलपणात सापडते. म्हणून आधी शब्दांचा विचार केला आहे.

‘भाग’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात क्रम येतो. कादंबरीचा दुसरा भाग कोणी आधी वाचायला घेत नाही. सिनेमाचा दुसरा पार्ट पाहणाराही पहिल्यात काय झाले ते शेजाऱ्याला विचारून घेतो. ‘विस्तार’ या शब्दात पाया गृहीत असतो; मूळ घर असेल तरच त्यावर मजला चढतो. ‘खंड’ या शब्दाचे मात्र दोन अर्थ आहेत : ग्रंथाचा खंड आणि आशिया खंड म्हणतो तो खंड. पृथ्वीवरच्या खंडांना पहिला-दुसरा असा क्रम नसतो, ते शेजारी शेजारी असतात. ‘गिल्ड वॉर्स’ या खेळाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूला लागू पडतात. प्रस्तुत नोंदीत स्वतंत्रपणे खेळता येणाऱ्या विक्रीघटकाला ‘खंड’ आणि मूळ खेळाशिवाय न चालणाऱ्याला ‘विस्तार’ म्हटले आहे. पार्ट हा बोलीतला शब्द दोहोंनाही लावला जातो.

उगम : खेळ तुकड्यांत विकण्याची ही पद्धत कोठून आली, याबद्दल एकमत नाही. एक मत तिचे मूळ टेबलावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत शोधते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या १९८१ च्या मांडणीत ‘बेसिक’ आणि ‘एक्स्पर्ट’ असे दोन संच होते, आणि दुसरा संच पहिल्याचे नियम माहीत आहेत असे धरूनच लिहिलेला होता. दुसरे मत संगणकावरील एकट्याने खेळायच्या मालिकांकडे बोट दाखवते. त्या मालिकांतही दोन घराणी दिसतात. ‘विझर्ड्री’ (१९८१) चा दुसरा खेळ ‘नाइट ऑफ डायमंड्स’ १९८२ मध्ये आला. त्यात नवे पात्र घेऊन उतरताच येत नसे. पहिल्या खेळात वाढवलेली पात्रे तबकडीवरून आणावी लागत. म्हणजे पहिला खेळ नसेल, तर दुसऱ्याचे खोके घरात नुसते पडून राहणार. याच सुमाराच्या ‘अल्टिमा’ मालिकेत मात्र प्रत्येक खेळ स्वतंत्रपणे सुरू करता येत असे.

टेबलावरच्या खेळांचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. तरी आजच्या खरेदीदाराची अडचण समजून घ्यायला विझर्ड्री आणि अल्टिमा यांतील फरक अधिक उपयोगी पडतो, कारण दुकानात उभे असताना खरा प्रश्न एकच असतो : हे खोके एकटे चालते की नाही? ऑनलाइन खेळांनी हे दोन्ही वारसे घेतले. ‘एव्हरक्वेस्ट’ (मार्च १९९९) चा ‘रुइन्स ऑफ कुनार्क’ हा २००० मधील विस्तार पहिल्या घराण्यातला, तर ‘गिल्ड वॉर्स’चे पहिले तीन खंड दुसऱ्यातले.

पहिला ऑनलाइन भूमिकाखेळ कोणता, हा वाद याला जोडूनच येतो. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ व रिचर्ड बार्टल यांनी १९७८ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘मड’ या मजकुरी खेळाला बरेच जण हा मान देतात. अमेरिकेतील प्लेटो या शैक्षणिक संगणकजाळ्यावर त्याआधी, साधारण १९७० च्या दशकाच्या मध्यापासून, अनेकांनी मिळून खेळायचे अंधारकोठडीचे खेळ होते, हेही मान्य करावे लागते. तुकड्यांत विकला जाणारा मोठा व्यापारी खेळ एवढाच निकष धरला, तर सुरुवात ‘मेरिडियन ५९’ (१९९६) किंवा ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) पासून करणे सोयीचे ठरते. ‘द सेकंड एज’ हा अल्टिमा ऑनलाइनचा पहिला विस्तार १९९८ मध्ये आला.

गिल्ड वॉर्सचे खंड : हा खेळ अरीनानेट या अमेरिकी कंपनीने तयार केला आणि एनसीसॉफ्ट या कोरियन कंपनीने प्रकाशित केला. मासिक वर्गणी नाही, एकदाच पैसे भरायचे, हे त्याचे तेव्हाचे मोठे वेगळेपण होते. पहिला खंड २८ एप्रिल २००५ ला, दुसरा ‘फॅक्शन्स’ बरोबर वर्षाने २८ एप्रिल २००६ ला आणि तिसरा ‘नाइटफॉल’ २७ ऑक्टोबर २००६ ला विक्रीस आला. ‘आय ऑफ द नॉर्थ’ ३१ ऑगस्ट २००७ ला आला. तो विस्तार आहे. पहिल्या खंडाला ‘प्रॉफेसीज’ हे उपनाव नंतर मिळाले. म्हणून जुन्या खोक्यावर नुसते ‘गिल्ड वॉर्स’ छापलेले असले, तर ते अर्धवट किंवा बनावट समजू नये. तोच पहिला खंड होय.

तिन्ही खंडांत पात्राची कमाल पातळी २० आहे. एका वेळी आठच कौशल्ये सोबत नेता येतात आणि प्रत्येक पात्राला मुख्य व दुय्यम असे दोन वर्ग (खेळाडूंच्या भाषेत क्लास) असतात. वॉरियर, रेंजर, माँक, नेक्रोमॅन्सर, मेस्मर व एलिमेंटलिस्ट हे सहा वर्ग कोणताही खंड घेतला तरी मिळतात. असॅसिन व रिच्युअलिस्ट हवे असतील तर फॅक्शन्स, डर्व्हिश व पॅरागॉन हवे असतील तर नाइटफॉल घ्यावा लागतो. एका खंडावर चार पात्रांची जागा मिळते, पुढच्या प्रत्येक खंडामागे आणखी दोन. प्रत्येक खंडासोबत मिळणारी ‘की’ (खरेदीचा संकेतांक) एकाच खात्याला जोडत गेले, की एका खंडातले पात्र दुसऱ्यात प्रवास करू शकते. प्रॉफेसीजचे पात्र लायन्स आर्च या बंदरातून कॅन्थाला, म्हणजे फॅक्शन्सच्या भूमीला, जाते.

खंडांचे स्वभाव वेगळे आहेत. प्रॉफेसीज संथ आहे. त्यात २५ मोहिमा आहेत आणि विसावी पातळी बरीच उशिरा येते. सुरुवातीचे ॲस्कलॉन हिरवेगार आहे. ‘सीअरिंग’ या आगीच्या वर्षावानंतर तेच राज्य राख होऊन समोर येते, आणि त्या पात्राला जुन्या ॲस्कलॉनमध्ये परत जाता येत नाही. कित्येक खेळाडू म्हणून एखादे पात्र मुद्दाम आगीअलीकडेच ठेवतात. ज्याला सावकाश शिकायचे आहे, त्याने हाच खंड आधी घ्यावा. फॅक्शन्समध्ये १३ मोहिमा आहेत. शिंग जिआ बेटावर पातळी झपाट्याने वाढते आणि मुख्य भूमीवर पाय ठेवताच खेळ अवघड होतो. नवख्याला तो दमवतो. नाइटफॉलने ‘हीरो’, म्हणजे संगणकाने चालवलेले साथीदार, आणले. खेळाडूच त्यांची कौशल्ये व शस्त्रे ठरवतो आणि ते सोबत लढतात. सुरुवातीला तीनच हीरो नेता येत. मार्च २०११ पासून सात नेता येतात, म्हणजे आठ जणांचा पूर्ण गट एकट्याने उभा राहतो.

एलोनाचा प्रश्न : नाइटफॉल ज्या एलोनात घडतो त्याला भूगोलाच्या अर्थाने स्वतंत्र खंड म्हणावे काय, यावर खेळाडूंत जुना मतभेद आहे. कॅन्था समुद्रापलीकडे दक्षिणेला आहे, तिथे शंका नाही. खेळाच्या व्यवस्थेत टायरिया (प्रॉफेसीजची भूमी), कॅन्था व एलोना अशी तीन खंडांची विभागणी आहे आणि बंदरातून जहाजानेच जावे लागते, असे स्वतंत्र खंड मानणारे दाखवून देतात. पण प्रॉफेसीजमधल्या क्रिस्टल डेझर्टमध्ये एलोनी लोकांच्या जुन्या वसाहतींचे अवशेष आहेत. ‘गिल्ड वॉर्स २’ (ऑगस्ट २०१२) च्या ‘पाथ ऑफ फायर’ या २०१७ मधील विस्तारात क्रिस्टल डेझर्ट व एलोना एकाच सलग भूभागावर येतात. भूगोल म्हणून दुसरे मत अधिक सबळ वाटते. विकत घेणाऱ्याला मात्र पहिलेच कामाचे, कारण खोकी तीन आहेत.

विस्ताराची अट : आय ऑफ द नॉर्थमध्ये नवे पात्र सुरू करता येत नाही आणि नवा वर्गही नाही; तीनपैकी एक खंड आधी असावाच लागतो. त्याची रचना विसाव्या पातळीच्या पात्रांसाठी आहे. राजारामपुरीतल्या एका घरचा प्रसंग नोंदकाराने जवळून पाहिला आहे. दोघा भावांनी दिवाळीचे पैसे साठवून पुण्याहून येणाऱ्या मामाकडून ‘सगळ्यात नवा पार्ट’ मागवला. धाकटा खोक्यातली की एकेक अक्षर मोठ्याने वाचत होता, थोरला टाइप करत होता, आणि पडदा पुन्हा पुन्हा मूळ खेळाची की मागत होता. ‘दादा, की बरोबर हाय, पण आत सोडंना झालंय,’ धाकटा म्हणाला. अट खोक्याच्या मागे स्वच्छ छापलेली होती. घाईत ती ना मामाने वाचली, ना पोरांनी. प्रॉफेसीज मिळेपर्यंत ते खोके टीव्हीवर उभे करून ठेवले होते. नवे तेच चांगले हा हिशेब मोबाइलला लागू पडतो, अशा खेळाला नाही. विस्तार सर्वांत शेवटीच घ्यावा.

कोल्हापुरातील निवड : येथे दोन गोष्टी निर्णायक ठरतात, वेळ आणि सोबत. रात्री नऊला इथला खेळाडू मोकळा होतो, तेव्हा मध्य युरोपात दुपारचे साडेचार (उन्हाळ्यात साडेपाच) आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. तिकडचे लोक कामावर असतात. युरोपातली रात्री नऊ-दहाची गर्दी गाठायची तर इथे रात्रीचा दीड वाजतो. शाळा-कॉलेजच्या पोराने रोज तोवर जागणे बरे नव्हे. ज्याच्या ओळखीत दुसरा कोणी खेळत नाही, त्याने म्हणून नाइटफॉलपासून सुरुवात करावी. हीरो कोणत्याही वेळी हजर असतात.

सोबत असेल तर गणित बदलते. फॅक्शन्समध्ये कर्झिक आणि लक्सन अशा दोन बाजू आहेत. एका गिल्डमध्ये (खेळाडूंच्या संघटित गटात) १०० पर्यंत सदस्य, दहापर्यंत गिल्ड मिळून एक आघाडी, आणि आघाडीने एकच बाजू धरायची. आघाडीच्या लढाईत चौघांचे तीन गट, असे बारा विरुद्ध बारा उतरतात. ज्या गावात राजर्षी शाहू स्टेडियमवर तालमीच्या संघाचा सामना असला की पेठच्या पेठ लोटते, तिथल्या पोरांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. गिल्डला इथे सहज ‘मंडळ’ म्हटले जाते आणि तो शब्द चपखल आहे. गल्लीतले चौघे मिळून खेळणार असतील, तर फॅक्शन्सची अवघड चढणही सुसह्य होते. अट एवढीच की चौघांनी एकच खंड घ्यावा. एकाकडे प्रॉफेसीज आणि तिघांकडे फॅक्शन्स असे झाले, तर पहिल्याला कॅन्थात येताच येत नाही.

जोडणीचा विचार पूर्वी फार करावा लागे. बीएसएनएलची डाटावन सेवा देशात जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली, म्हणजे खेळ आणि ब्रॉडबँड एकाच वर्षाचे. तिच्या काही योजनांत डाउनलोडला महिन्याची मर्यादा आणि रात्री २ ते सकाळी ८ अमर्याद वापर अशी सोय होती. गिल्ड वॉर्स सगळा एकदम उतरत नाही; ज्या प्रदेशात जाल त्याची माहिती त्या वेळी उतरते. दिवसा खेळणाऱ्याची मर्यादा अशाने नकळत संपे. खेळाच्या शॉर्टकटमधल्या ‘टार्गेट’ या ओळीच्या शेवटी आडव्या रेषेसह ‘इमेज’ हा शब्द रोमन अक्षरांत जोडला, की सगळा साठा एकदम उतरवून घेता येतो. संगणक रात्री लावून झोपायचे, सकाळी दूध तापायच्या आत बंद करायचा. फायबर आल्यापासून हा खटाटोप उरला नाही, पण जुन्या लॅपटॉपवर खेळणाऱ्याला ही युक्ती अजून उपयोगी आहे.

पैसे भरण्याच्या बाबतीत एकदाच्या खरेदीचा खेळ इथे सोपा जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो, आणि ऑक्टोबर २०२१ पासून दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना वेगळी संमती लागते. वर्गणीचा खेळ निवडणाऱ्याने हे आधी बघावे. स्टीम या ऑनलाइन दुकानात नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किंमत दिसते.

वापरलेले खोके स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. की एकदा एका खात्याला जोडली की दुसऱ्या खात्याला चालत नाही. तबकडी चकचकीत असली तरी तिचा उपयोग शून्य.

इतर खेळ : ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (नोव्हेंबर २००४) मध्ये २०१८ पासून मूळ खेळ व जुने विस्तार वर्गणीतच मिळतात, वेगळा विकत घ्यायचा तो नवाच. गिल्ड वॉर्स २ चा मूळ खेळ ऑगस्ट २०१५ पासून विनामूल्य आहे. ‘फायनल फँटसी १४’ची २०१० मधील पहिली आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ‘अ रिअल्म रीबॉर्न’ या नावाने खेळ नव्याने आला. २०१० चे खोके म्हणून कोणाला विकूही नये. या खेळाच्या विनामूल्य चाचणीत ऑक्टोबर २०२३ पासून सत्तराव्या पातळीपर्यंत खेळता येते, पण चाचणी खात्याला पूर्ण खेळाची की एकदा लावली, की ते खाते पुन्हा चाचणीत नेता येत नाही.