मिशनच्या शाळेत शिकवायला जाताना

इंदूरच्या मराठी घरांतून ‘आठवड्यातून दोनदा मुलांना शिकवायला जाते’ असं सांगणाऱ्या निवृत्त काकू भेटतात. गरीब मुलांसाठीच्या एखाद्या ख्रिस्ती शाळेत त्या गेल्या की पहिल्याच दिवशी चक्रावतात. फाटकावर वहीत नाव-वेळ लिहा, आधार कार्डाची झेरॉक्स द्या, देवाधर्माचं काही बोलू नका, धडा शिकवू नका, नुसतं वाचून घ्या. फुकट काम करणाऱ्यावर एवढी बंधनं कशाला?

कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ साली इंदुरात आले तेव्हा गावात दोन अंमल होते: रेसिडेन्सीच्या हद्दीत इंग्रजांचा, बाकी शहरात तुकोजीराव होळकरांचा. दरबाराला धर्मोपदेश रुचत नव्हता, खटके उडत. शाळा मात्र लोकांना हवी होती. १८८७ मध्ये निघालेलं ख्रिश्चन कॉलेज तर सगळ्या शहराचंच झालं (किशोरकुमार तिथलाच, हे इंदूरकर न विचारता सांगतो). पुढे छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, आईबाप गेलेली मुलं मिशनच्या आसऱ्याला आली. आधी पोटाला अन्न, मग अक्षरओळख, जमलं तर हाताला काम. भाकरीच्या बदल्यात धर्म, हा संशयही तिथूनच घट्ट झाला. तो सगळाच खोटा होता असं मला वाटत नाही. पण त्या मुलांना दुसरं दार कोणी उघडलं होतं, हेही विचारायला हवं.

स्वातंत्र्यानंतर हा संशय सरकारी कागदावर आला. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशानं १९५४ मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ चा. त्याच वर्षी इंदूर नव्या मध्य प्रदेशात आलं. १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा, म्हणजे जबरदस्तीनं किंवा प्रलोभनानं धर्मांतर करायला मनाई करणारा कायदा झाला, २०२१ मध्ये त्याच्या जागी आणखी कडक कायदा आला. नव्या कायद्यात ‘प्रलोभना’च्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं शिक्षणही आहे! मग मुख्याध्यापिका सिस्टर काकूंना प्रार्थनेच्या वेळी बाहेरच थांबवतात, यात नवल नाही.

बाकीच्या अटी साध्या आहेत. शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाला पात्रता ठरवून दिली, म्हणून धडा नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर शाळा परक्या माणसाबाबत सावध झाल्या, म्हणून वही. उरतं ते वाचन. तिसरीतली मुलगी ‘पर्वत’ला ‘परवत’ म्हणते, बोट रफारावर अडतं. काकू तिच्याकडून तो शब्द फळ्यावर पुन्हा लिहून घेतात. पन्नासच्या वर्गात एवढा वेळ कोण देणार?

पैशाची बाजूही आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनं अशी देणगी एका संस्थेनं दुसरीला द्यायची नाही असं ठरलं, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या वाट्यावर चालणाऱ्या लहान शाळांना याचा फटका बसतो. पगारी बाई ठेवायची तर दरमहा पैसे हवेत. काकू तर रिक्षाभाडंही स्वतःच्याच पर्समधून देतात.