वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे: कोकणाबाहेरच्या प्रवाहाची मागची गोष्ट

शाळेच्या भूगोलात समुद्रबूड जमीन आणि त्यापुढे खंडान्त उतार अशी आकृती असायची, आठवतेय? मार्कांपुरती काढायची आणि विसरायची. पण आपल्या किनाऱ्याबाहेर ही समुद्रबूड जमीन मुंबईसमोर जवळपास तीनशे किलोमीटर पसरलीय (बॉम्बे हाय १६० किलोमीटर आत असूनही तिथे पाणी फक्त पाऊणशे मीटर खोल आहे ते त्यामुळेच), दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते, आणि जिथे ती संपून तळ एकदम खाली जातो त्या कडेला धरून एक प्रवाह वाहतो. पावसाळ्यात दक्षिणेकडे, हिवाळ्यात उत्तरेकडे.

हे उलटसुलट वाहणं जहाजवाल्यांना जुनंच माहीत होतं. दिवसभर जहाज हाकायचं, हिशेबाने कुठे पोचायला हवं होतं आणि खरं कुठे पोचलो यातला फरक म्हणजे पाण्याने ढकललेलं अंतर, असल्या नोंदी गोळा करून नकाशे बनले. आता गंमत अशी की असे नकाशे म्हणजे कित्येक वर्षांची सरासरी, त्यामुळे त्यात प्रवाह अगदी शिस्तीचा दिसतो, दरवर्षी तोच, तेवढाच. वर्षावर्षातला फरक त्या सरासरीत विरघळूनच जातो. माझ्या मते पुढचा बराच गैरसमज इथूनच आला.

१९६० च्या आसपास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, आपल्या नौदलाची आयएनएस किस्टना त्यात होती, आणि त्या कामातूनच १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, ती आज गोव्यात दोना पावलाला आहे. पण या प्रवाहाची नीट मोजणी व्हायला १९८७ उजाडावं लागलं. याच संस्थेतल्या सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षीच्या पावसाळ्यात आणि नंतरच्या हिवाळ्यात किनाऱ्याला काटकोनात रेषा धरून पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजला. हिवाळ्यातला प्रवाह केरळसमोर सुमारे ४०० किलोमीटर रुंद आणि २०० मीटर खोल, तोच गुजरातच्या बाजूला पोचेपर्यंत १०० किलोमीटरचा होतो पण ४०० मीटर खोल, उताराला अगदी चिकटून. आणि हे सगळं उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध! पावसाळ्यात तर वरचा थर दक्षिणेला चाललेला आणि त्याच्या खाली उतारालगत पाणी उत्तरेला.

वाऱ्याच्या विरुद्ध पाणी का जातं? तर कारण इथलं नाहीच. बंगालच्या उपसागरात वाऱ्याने जी खळबळ होते ती किनाऱ्याला धरून लाटेसारखी श्रीलंकेला वळसा घालून आपल्याकडे येते, केल्विन लाट म्हणतात तिला, डोळ्यांना दिसत नाही पण सेकंदाला दोनेक मीटरने सरकते. १९९० च्या दशकात कॉम्प्युटर मॉडेलांनी हे पक्कं केलं. म्हणजे मालवणसमोरच्या पाण्याचं बघायचं तर चेन्नईकडेही बघावं लागतं.

दीर्घकाळाचं काय मग? तिथे मुंबईचा अपोलो बंदरचा भरतीमापक कामी आला, १८७८ पासूनच्या नोंदी आहेत त्याच्या. प्रवाह उत्तरेला असला की किनाऱ्यालगत पाणी थोडं चढतं, दक्षिणेला असला की उतरतं, म्हणजे भरतीमापक हा एका अर्थाने प्रवाहाचा दूरचा साक्षीदार. संस्थेतलेच डी. शंकर आणि शेट्ये यांनी १९९९ मध्ये दाखवलं की मुंबईच्या पाण्याची दशकांची चढउतार देशातल्या मान्सूनच्या पावसासारखीच चालते. त्यांचा अंदाज असा, की पाऊस जास्त म्हणजे नद्यांचं गोडं पाणी जास्त, किनाऱ्यालगतचं पाणी हलकं, पातळी वर. मला हा अंदाज फार आवडतो, कारण नुसत्या पाणीपातळीच्या आकड्यांतून त्यांनी मान्सून शोधला.

पण साक्षीदार तो साक्षीदार, प्रत्यक्ष प्रवाह मोजणं वेगळं. ते २००८ पासून सुरू झालं. उतारावर तळाशी वजन, त्याला दोर, दोरावर तरंगतं ठेवलेलं आवाजाने प्रवाह मोजणारं यंत्र, आणि ठरावीक काळाने जहाज जाऊन ते वर काढून डेटा उतरवायचा. कन्याकुमारी, कोल्लम, गोवा, मुंबई अशी सुरुवात, नंतर जयगड, उडुपी, ओखाही आले. २०१२ पर्यंतच्या डेटातच जुन्या नकाशांची शिस्त मोडली. ऋतूचक्र आहे, उत्तरेकडे ते जास्त ठळकही आहे, पण एका वर्षासारखं दुसरं नाही, आणि कोल्लमला जे दिसतं ते मुंबईला दिसेलच असंही नाही. दक्षिणेला तर काही आठवड्यांचे हेलकावे जास्त जोरात.

याचा माशांशीही संबंध आहे बरं का. पावसाळ्याअखेर खालचं, ऑक्सिजन खूप कमी असलेलं पाणी समुद्रबूड जमिनीवर चढतं, गोव्यात कांदोळीसमोर १९९७ पासून त्याची नोंद ठेवतात. हिंदी महासागराचा डायपोल पॉझिटिव्ह असला (म्हणजे महासागराचं पश्चिमेकडचं पाणी नेहमीपेक्षा गरम आणि पूर्वेकडचं थंड) की तीच किनाऱ्याची केल्विन लाट ते पाणी खाली दाबते आणि त्या वर्षी ऑक्सिजन टिकतो, असं २०१७ च्या एका अभ्यासात आलंय.

भरतीमापकाचं वय जवळपास दीडशे वर्षं, उतारावरच्या यंत्रांचं अजून वीसही नाही, त्यामुळे दशकांच्या चढउताराबद्दल बोलताना सगळे परत अपोलो बंदरच्या त्या जुन्या आकड्यांकडेच वळतात.