१७ नंबरचा फॉर्म भरताय? वीस गुणांचं आधी बघा

१७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण नुसते पेपर देऊन भागत नाही. राज्य मंडळाच्या दहावीला भाषेचे ८० गुण लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत मूल्यमापनाचे. विज्ञानाला प्रात्यक्षिक असतं. हे गुण अर्जात निवडलेली शाळा देते, आणि या परीक्षा लेखीच्या आधी होतात. थेट हॉल तिकीट न्यायलाच शाळेची पायरी चढणाऱ्याची तोंडी तोवर होऊन गेलेली असते. आजारपणासारखं खरं कारण असेल तर मंडळ लेखीनंतर ‘आउट ऑफ टर्न’ संधी देतं, पण त्यासाठी शाळेला वेळीच कळवावं लागतं. या गुणांना कमी लेखू नका. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले, तेव्हा दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला होता. पुढच्याच वर्षापासून ते परत द्यावे लागले.

पात्रता सोपी आहे: दहावीसाठी किमान पाचवी पास, बारावीसाठी दहावी पास होऊन दोन वर्षं झालेली.

कागदपत्रंही तीनच: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो. घोडं अडतं ते दाखल्यावर. तो हरवलेला असतो, नाहीतर दुसऱ्या प्रवेशाला जमा केलेला. मग जुन्या शाळेतून द्वितीय प्रत घ्या आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. शाळाच बंद पडली असेल तर तिचं जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या नोंदींची वही) कुठे गेलं, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. शिकायची जिद्द धरून आलेल्या माणसाला एका कागदासाठी इतकं फिरवणं बरं नव्हे, पण आज नियम हाच आहे. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या बायांनी अर्जात दाखल्यावरचंच नाव लिहावं.

अर्ज ऑनलाइन आहे. मोबाइल नंबर आणि ई-मेल स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. भरलेलं शुल्क परत मिळत नाही.

तारखांचा घोळ तर नेहमीचा. ऑनलाइन अर्जाची शेवटची तारीख वेगळी, प्रिंट आणि मूळ कागद शाळेत जमा करायची वेगळी. शिवाय १७ नंबर म्हणजे फक्त नावनोंदणी. परीक्षेचं आवेदनपत्र त्याच शाळेतून पुन्हा स्वतंत्र भरावं लागतं. ते भरायला जाल तेव्हाच तोंडी आणि प्रात्यक्षिकाच्या तारखा विचारून घ्या आणि शाळेच्या क्लार्ककडे आपला नंबर लिहून ठेवा.