जर्मन सरदारवाचक शब्द : अधिकारपदापासून आडनावापर्यंत

जर्मनीत 'ग्राफ' (काउंट), 'फ्रायहेर' (बॅरन) किंवा 'प्रिन्त्स' (राजपुत्र) हे सरदारकीचे किताब आजही पारपत्रांवर अधिकृतपणे छापलेले आढळतात. शेजारच्या ऑस्ट्रियात मात्र तेथील नागरिकाला नावात आडनावाआधीचा सरदारकीदर्शक साधा 'फॉन' लावण्यासही कायद्याने मनाई आहे. एकच भाषा बोलणाऱ्या दोन देशांतील हा फरक १९१९ साली, अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन निर्णयांतून निर्माण झाला. त्या निर्णयांचा अर्थ लागण्यासाठी हे शब्द मुळात कशाचे वाचक होते, हे पाहावे लागते.

सरदारवर्गासाठी रूढ असलेला 'आडेल' हा शब्द वडिलोपार्जित वतनी जमिनीच्या वाचक 'ओडाल' या शब्दाचा सख्खा भाऊ मानला जातो. कुळ आणि जमीन या दोन्ही कल्पना त्या धातूत एकत्र नांदत होत्या. नवव्या शतकातील सॅक्सन समाजाची उच्चकुलीन, स्वतंत्र आणि अर्धस्वतंत्र अशी विभागणी समकालीन बखरीत नोंदलेली आहे. तीत वरच्या वर्गाचे नाव याच धातूपासून बनलेले आहे. या दोन शब्दांची पुढे झालेली फारकत नॉर्वेत सर्वांत स्पष्ट दिसते : १८१४ च्या राज्यघटनेने शेतकरी घराण्यांचा वतनी जमिनीवरील 'ओडेल' हक्क जपला, आणि १८२१ च्या कायद्याने सरदारकी संपुष्टात आणण्याची तरतूद केली.

उरलेले बहुतेक शब्द मात्र कुळाचे नसून कामाचे आहेत. 'हेर्त्सोग' (ड्यूक) म्हणजे सैन्याच्या पुढे चालणारा. 'रिटर' म्हणजे घोडेस्वार. इंग्रजीतील 'नाइट' मुळात पोरगा किंवा चाकर होता; त्याचाच जर्मन भाऊबंद 'क्नेख्त' चाकरच राहिला. 'ग्राफ'च्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो लेखनिकवाचक ग्रीक शब्दातून आला असे मानतात, तर काही तो मूळचाच जर्मानिक ठरवतात. फ्रँकिश राजवटीतील (आरंभीच्या मध्ययुगातील पश्चिम युरोपीय राज्यातील) ग्राफ हा राजाने नेमलेला, न्यायदान आणि सैन्यभरती पाहणारा व राजाच्या मर्जीने दूर होणारा अधिकारी होता, हे मात्र निश्चित. ८७७ च्या शाही आदेशात बापाचे पद मुलाकडे जाणे बऱ्याच अंशी गृहीत धरलेले दिसते. पुढच्या काही शतकांत पद गेले आणि हुद्दा उरला. अकराव्या-बाराव्या शतकांत तर मालकाच्या ताब्यातील अस्वतंत्र सेवकही लष्करी चाकरीच्या बळावर कनिष्ठ सरदारवर्गात जाऊन बसले. रक्तशुद्धीच्या नंतरच्या दाव्यांचे वजन करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

३ एप्रिल १९१९ च्या ऑस्ट्रियन कायद्याने किताब, 'फॉन' आणि कुलचिन्हे एका फटक्यात रद्द केली. त्या कायद्यातील दंडाची कमाल रक्कम २०,००० क्रोनेन होती. महागाईनंतर १९२५ मध्ये नवे चलन आले तेव्हा तिची किंमत २ शिलिंग उरली.

ऑगस्टमधील जर्मन राज्यघटनेने वेगळी वाट धरली. तिच्या १०९ व्या कलमाने जन्माधारित विशेषाधिकार काढून घेतले, नवे किताब देण्यास बंदी केली आणि जुने किताब 'केवळ नावाचा भाग' ठरवले. वरकरणी ही सौम्य तडजोड होती, परंतु तिने उभे केलेले प्रश्न आजवर मिटलेले नाहीत. पूर्वी व्यक्तिनामाच्या आधी येणारा 'ग्राफ' आता आडनावाचा घटक म्हणून व्यक्तिनामानंतर आला. ज्या घराण्यांत वरचा किताब फक्त कुलप्रमुखाला मिळे, तेथे तो पुढच्या पिढीकडे आपोआप जाणे थांबले. उलट, दत्तकविधानाने नाव मिळते म्हणून किताबही मिळू लागला, आणि पैसे घेऊन प्रौढांना दत्तक घेण्याचे व्यवहार झाले. सरदार घराण्यांच्या खासगी संघटना अशा नामधारकांना आपले मानत नाहीत.

सर्वांत मोठा पेच लिंगभेदाचा होता. 'फ्रायहेर' हे निव्वळ आडनाव असेल तर पत्नीचे आणि मुलीचे आडनावही 'फ्रायहेर'च असायला हवे. १९२६ मध्ये तत्कालीन सर्वोच्च न्यायालयाने मात्र जुनी रूपे चालू ठेवण्यास परवानगी दिली. म्हणून पत्नी 'फ्रायफ्राउ', अविवाहित मुलगी 'फ्रायइन' आणि 'ग्राफ'ची पत्नी 'ग्रेफिन' अशी नावे राहिली. या निर्णयाने घटनेच्या शब्दांना बगल दिली, असे म्हणणे भाग आहे. कारण जे नाव धारकाच्या लिंगानुसार आणि विवाहानुसार बदलते, ते किताबाचे व्याकरण अजून सोडत नाही. १०९ व्या कलमातील ही तरतूद १९४९ च्या नव्या राज्यघटनेनंतर साध्या कायद्याच्या दर्जाने टिकली आणि तिच्याबरोबर ही सवलतही टिकली.

युरोपीय संघात नागरिक मोकळेपणाने ये-जा करू लागल्यावर दोन्ही व्यवस्था एकमेकींवर आदळल्या. जर्मनीत प्रौढ वयात दत्तक गेलेल्या एका ऑस्ट्रियन महिलेच्या नावातील 'फ्युर्स्टिन (राजकुमारी) फॉन' व्हिएन्नातील नोंदणी कार्यालयाने सुमारे पंधरा वर्षांनंतर काढून टाकले. डिसेंबर २०१० मध्ये लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाने ऑस्ट्रियाची बाजू उचलून धरली : नागरिकांची समानता हा त्या देशाच्या घटनात्मक ओळखीचा भाग असल्याने मुक्त संचाराच्या हक्कावरील हे बंधन समर्थनीय ठरते. जून २०१६ मध्ये प्रश्न उलट्या दिशेने आला. ब्रिटनमध्ये राहून स्वतःच्या इच्छेने 'ग्राफ' आणि 'फ्रायहेर' ही पदे नावात घेतलेल्या एका जर्मन नागरिकाला ती मायदेशी नोंदवून हवी होती. किताब नावाचा भाग म्हणून चालवून घेणाऱ्या जर्मनीलाही अशी नोंद नाकारता येईल, असे त्या न्यायालयाने म्हटले. मात्र समानतेसाठी हा नकार आवश्यक आहे का, हे तपासण्याचे काम जर्मन न्यायालयांकडेच सोपवले.