तिसरं पेडल आणि अर्धा सेकंद

2013 साली पोर्शने नवी 911 जीटी3 आणली, तेव्हा तिच्यात क्लचचं पेडलच नव्हतं. ट्रॅकवर पळवण्यासाठी बांधलेली गाडी फक्त ऑटोमॅटिकमध्ये मिळणार, हे चाहत्यांच्या काही केल्या पचनी पडेना. कंपनीचं गणित मात्र चोख होतं.

मॅन्युअल गाडीत क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची फारकत होते. तेवढा वेळ चाकांना ताकद मिळत नाही. पोर्शच्या पीडीके गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. गाडी तिसऱ्यावर पळत असतानाच चौथा तयार असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो आणि ताकद जवळपास तुटतच नाही. 1980च्या दशकात कंपनीने ही यंत्रणा रेसिंग कारवर पारखून घेतली होती. 1986 मध्ये इटलीतल्या मोंझाची शर्यत पोर्शच्या 962 या रेसिंग कारने याच गिअरबॉक्सवर जिंकली.

मग लोकांना हातानेच गिअर का टाकायचे असतात? वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना काय करावं लागतं, ते पाहा. समजा इंजिन मिनिटाला 4,000 फेरे घेतंय. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये ते 5,500च्या आसपास फिरायला हवं. गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंगा आतल्या शाफ्टचा वेग घर्षणाने जुळवून देतात, पण इंजिनचा वेग वाढवणं चालकाच्या हातात. नुसता क्लच सोडला, तर मागच्या चाकांना हिसका बसतो आणि ऐन वळणाच्या तोंडावर गाडीची मागची बाजू घसरू शकते. म्हणून उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या टाचेने किंवा कडेने ॲक्सिलरेटरला क्षणभर थाप द्यायची. डावा पाय क्लचवर, एक हात गिअरवर, दुसरा स्टिअरिंगवर. नेमकं जमलं, तर क्लच सुटल्याचं जाणवतही नाही. घाटात हाफ क्लचवर गाडी उचलणाऱ्याला यातली गोडी वेगळी सांगायला नको.

2016 मध्ये पोर्शने 911 आर काढली. फक्त मॅन्युअल, आणि गाड्या मोजून 991. त्या हातोहात गेल्या आणि मूळ किमतीच्या कितीतरी वर पुन्हा विकल्या गेल्या. कंपनीने काय ओळखायचं ते ओळखलं. 2017च्या जीटी3मध्ये मॅन्युअल परत आला. इंजिन तेच, 500 हॉर्सपॉवरचं. शून्य ते शंभर गाठायला पीडीकेला 3.4 सेकंद लागतात, मॅन्युअलला 3.9. मॅन्युअल सुमारे 17 किलो हलकी, एवढीच काय ती जमेची बाजू.

हा अर्धा सेकंद जाणूनबुजून सोडणाऱ्यांची बाजू मला पटते. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला 2006 ते 2014 या काळात शनिवारी सकाळी गाड्यांचे मेळावे भरत. तिथे कुणी घड्याळ लावून शर्यत खेळत नसे. लोक एकमेकांच्या गाड्या बघायला आणि त्यांच्याबद्दल मनसोक्त बोलायला येत. रोजच्या रस्त्यावरही गाडीचं सुख सेकंदांत मोजलं जात नाही. ज्यांना लॅपचा, म्हणजे ट्रॅकवरच्या एका फेरीचा, वेळच कमी करायचा आहे, त्यांच्यासाठीची जीटी3 आरएस मात्र पोर्श आजही फक्त पीडीकेवरच विकते.