फोनवरचा माणूस कोण, हे कुणी विचारायचं?

१५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात शाहू महाराज वारले. गादीवर बसवण्यासाठी ताराबाईंनी रामराजाला पुढे केलं. हा माझा नातू, जिवाच्या भीतीने इतकी वर्षं लपवून वाढवला, असं त्यांचं म्हणणं. पण तो खरंच नातू कशावरून? मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवलंय, की ताराबाईंनी सैन्यासमोर त्याच्यासोबत जेवावं आणि त्या अन्नाची शपथ घेऊन सांगावं, असं ठरलं. त्यांनी सांगितलं, रामराजा छत्रपती झाला. वर्ष पुरं व्हायच्या आत ताराबाईंनीच त्याला अजिंक्यताऱ्यावर कैदेत टाकलं आणि १७५२ साली जेजुरीच्या खंडोबासमोर उलटी शपथ वाहिली: हा माझा नातू नव्हेच. साताऱ्याच्या गादीचं केवायसी असं एका शपथेवर झालं आणि दुसऱ्या शपथेवर मोडलं.

तोतये काही फोनबरोबर जन्मले नाहीत. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचं नाव लावून फिरणाऱ्याने तर पेशवाईला कित्येक वर्षं डोकेदुखी दिली. पण तेव्हाच्या तोतयाला लोकांसमोर उभं राहावं लागे, चेहरा दाखवावा लागे, ओळखीच्या माणसांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागे. आजच्या भामट्याला यातलं काही करावं लागत नाही, आणि माझ्या मते आजच्या फसवणुकीचं मूळ तिथेच आहे. गेल्या काही दशकांत आपण कोण, हे सिद्ध करायच्या पद्धती एकावर एक चढत गेल्या. समोरून बोलणाऱ्याने तो कोण हे सिद्ध करावं, अशी पद्धत मात्र कुणी बसवलीच नाही.

आधी तिची गरजही नव्हती. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या जावळी-पाटणच्या माणसाची मनीऑर्डर यायची तेव्हा पोस्टमनला घर ठाऊक असे, अंगठा उठवणाऱ्या म्हातारीला साक्षीदार लागे. बँकेत किंवा पतसंस्थेत खातं काढायचं तर जुन्या खातेदाराने ओळख दिल्याची सही घ्यावी लागे. ‘कुणाचा रे तू?’ हा प्रश्न काउंटरवर सर्रास चाले आणि त्यात बाप, भावकी, गाव सगळं तपासून होई. व्यवहार इमारतीत व्हायचा, त्यामुळे बँक खरी की खोटी, ही शंका कुणाला यायचं कारण नव्हतं. २००२ साली रिझर्व्ह बँकेने केवायसीचे नियम आणले आणि ओळख देणाऱ्या माणसाची जागा हळूहळू कागदांनी घेतली.

फोनचं तसंच. एसटीडी बूथवरून येणारा आवाज बहुतेक घरच्याच माणसाचा असे. मीटरकडे बघत चार वाक्यं बोलायची, झालं. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, पुढे इनकमिंग फुकट झालं आणि अनोळखी आवाज थेट खिशात आला. तरी सुरुवातीची फसवणूक बरीच बाळबोध होती. केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागलीय, आधी प्रोसेसिंग फी भरा, हा मेसेज अनेकांनी हसून सोडून दिला. सगळ्यांनी नाही.

खरं वळण एका चांगल्या सुधारणेमुळे आलं. कार्डाचा नंबर चोरून ऑनलाइन खरेदी करणं सोपं होतं, म्हणून रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून अशा व्यवहारांना दुसरी तपासणी सक्तीची केली. त्यातून ओटीपी रूढ झाला. कुलूप भक्कम झालं, तेव्हा चोरांनी कुलपाचा नाद सोडून किल्लीवाल्याला गाठलं. झारखंडमधलं जामताडा याच धंद्यासाठी बदनाम झालं. ‘बँकेतून बोलतोय, एटीएम कार्ड ब्लॉक झालंय, सोळा आकडे सांगा’ एवढ्या भांडवलावर तिथल्या पोरांनी देशभर हात मारला. 

दरम्यान ओळखपत्रही बदललं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं. पुढे ते सिमकार्डापासून सगळीकडे मागितलं जाऊ लागलं. सिम आणि बँक खात्यासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं, पण तोवर सवय मुरली होती. ती बघायची असेल तर कुठल्याही तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहावं. ‘दादा, व्हॉट्सॲपला टाकलंय, दोन प्रती काढा.’ दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, सगळ्या तालुक्याचं एका फोल्डरमध्ये पडलेलं असतं. बिघडलेली प्रत पायाशी बादलीत. दुकानदार बिचारा सज्जन असतो, प्रश्न त्याचा नाहीच. त्या फाइली पुसायच्या कुणी, हे कुणी ठरवलेलंच नसतं. निदान प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहावी, आणि चालत असेल तिथे आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क्ड प्रत द्यावी.

कागदावरचा अंगठाही सुटला नाही. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवले गेले आणि आधारवर पैसे काढून देणाऱ्या यंत्रांवर ते चालवले गेले. यात ओटीपीचा संबंधच येत नाही. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करता येतं, ते याचसाठी.

२०१६ हे वर्ष सगळ्यात मोठं. एप्रिलमध्ये यूपीआय, सप्टेंबरमध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. ज्यांनी कधी चेकबुक वापरलं नव्हतं त्यांच्या हाती थेट क्यूआर कोड आला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, ही एवढी एक गोष्ट शिकवायची राहून गेली आणि त्या फटीतून पुष्कळ पैसे गेले. ‘मी फौजी आहे, बदली झालीय, गाडी स्वस्तात काढायचीय’ असं सांगून लष्करी ओळखपत्राचा फोटो पाठवणारे याच काळातले. सातारा जिल्ह्यात हे जास्त लागतं. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव जिथे आहे, घराघरातून सैन्यात माणूस गेलेला आहे, तिथे वर्दीवर संशय घ्यायचा हे अंगवळणी कसं पडावं? पेन्शनर मंडळींना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या नावाने फोन येतात, तेही हे ओळखूनच.

सांगलीकडचा प्रकार वेगळा. विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर विखुरलेली. मुलगा तमिळनाडूत, आई-वडील गावी. ‘तुमचा मुलगा केसमध्ये सापडलाय, मी पोलीस ठाण्यातून बोलतोय, मिटवायचं असेल तर आत्ता पाठवा’ असा फोन आला की आईला काय सुधरणार? मागून रडण्याचा आवाजही ऐकवतात. फोन ठेवून मुलालाच लावायचा, तो लागला नाही तर शेजारच्या दुकानातल्या गाववाल्याला लावायचा, आणि त्यासाठी ते नंबर आधीपासून भिंतीवर लिहिलेले हवेत.

डिजिटल अरेस्ट हे या सगळ्याचं टोक. तुमच्या आधारवर कुणीतरी सिम काढलंय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, असं सांगून सुरुवात होते. म्हणजे ओळख चोरीला जायची भीती दाखवूनच लुटायचं. मग व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, आणि ‘खोलीतून हलायचं नाही, घरी कुणाला सांगायचं नाही.’ वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून सात कोटींना फसवलं. तेव्हा ‘शिकलेली माणसं कशी फसतात’ हा प्रश्न सोडून द्यावा. हे सरकारी आवाजापुढे मान तुकवायच्या आपल्या जुन्या सवयीवर चालतं आणि ती सवय शिकलेल्यांतही भरपूर आहे. भारताच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं.

कायदा तसा जुना आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ओळख चोरीचं ६६ सी आणि तोतयेगिरीचं ६६ डी ही कलमं २००९ पासून लागू आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, अशा व्यवहाराची तक्रार बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत केली तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेने दोन दिवस गप्प बसणं महागात पडतं. अशी फसवणूक कळवायला २०२१ मध्ये आधी १५५२६० आणि पुढे १९३० हा क्रमांक आला. तिथे तासाभरात कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता बरी असते. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत, हे २०२३ पासून संचार साथी या सरकारी पोर्टलवर बघता येतं.

फोन करणाऱ्याने स्वतःची ओळख द्यावी, याची सुरुवात आत्ता कुठे होतेय. बँकांनी कामाचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. कॉल करणाऱ्याचं नोंदलेलं नाव स्क्रीनवर दिसावं, ही दूरसंचार नियामक ट्रायची शिफारस फेब्रुवारी २०२४ ची. पण सिमच दुसऱ्याच्या नावावर असेल तर नावही दुसऱ्याचंच दिसणार. त्यामुळे फोन ठेवायचा आणि पासबुकावरचा नंबर आपण फिरवायचा, याला अजून तरी पर्याय नाही.

आणि पैसे जातात कुठे? बऱ्याचदा ते कुणातरी साध्या माणसाच्या खात्यातून पुढे सरकतात. ‘खातं वापरायला दे, महिन्याला काही हजार देतो’ म्हणून कॉलेजच्या पोराने पासबुक, एटीएम आणि सिम देऊन टाकलेलं असतं. तपास सुरू झाला की पोलीस सगळ्यात आधी त्याच पत्त्यावर येतात, कारण त्या साखळीत खरं नाव, खरं आधार आणि खरा पत्ता फक्त त्याचा असतो.