झाकणाच्या फटीतून निसटणारी लहर

स्टीलच्या डब्यात मोबाइल ठेवा, झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. बहुतेक वेळा डब्यात फोन वाजतो. आता तोच फोन पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये दोन-तीन वेढे देऊन, कडा घट्ट दुमडून बंद करा. बहुधा 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' असं ऐकू येईल.

जाड डब्याला जमलं नाही ते फॉइलला कसं जमलं? रेडिओ लहर धातूवर आदळली की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलू लागतात आणि तिला परतवून लावतात. जी थोडी आत शिरते, तिचा जोर ॲल्युमिनियममध्ये दोन-तीन मायक्रॉनमागे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणजे फॉइलची जाडीही पुरेशी आहे. डबा फसतो तो झाकणापाशी. तिथली फट केसाएवढी अरुंद असली, तरी डब्याच्या कडेनं लांबच लांब गेलेली असते, आणि लहर निसटते ती या लांबीमुळे.

उलट, छोटी गोल भोकं खुशाल असू द्यावीत. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातल्या जाळीची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची, आतल्या लहरीची तरंगलांबी 12 सेंटिमीटर. तिला ती जाळी भिंतीसारखीच. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून फिरणारी ताटली आपल्याला दिसते.

नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या अवकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या तबकड्या पाहिल्यात? 45 मीटर व्यासाच्या अशा 30 तबकड्या, आणि प्रत्येकीतून आरपार आभाळ दिसतं, कारण त्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीचे चौकोन एक ते दोन सेंटिमीटरचे. अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारी 21 सेंटिमीटरची लहर त्यावरून परावर्तित होते, वारा मात्र निघून जातो. पत्र्याची तबकडी केली असती तर ती वाऱ्यात उभी ठेवायलाच केवढा खर्च आला असता! ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही युक्ती मला फार मोठी वाटते.

ओघात एक सांगतो: मोबाइलच्या पाठीवर लावायच्या 'रेडिएशनरोधक' स्टिकरवर पैसे घालवू नका. तो खरोखर लहरी अडवू लागला, तर टॉवर गाठायला फोन आणखी जोर लावेल.

क्ष-किरणांपुढे मात्र जाळी आणि फॉइल दोन्ही निकामी. त्यांची तरंगलांबी अणूच्या आकाराएवढी किंवा त्याहूनही लहान असते. मोकळे इलेक्ट्रॉन त्यांना परतवू शकत नाहीत. इथं कामाला येतात अणूच्या आत घट्ट बांधलेले इलेक्ट्रॉन, आणि जड अणूंमध्ये हे शोषण झपाट्यानं वाढतं. राँटगेननं 1895 मध्ये पत्नीच्या हाताचं क्ष-किरण चित्र घेतलं, त्यात हाडांहून गडद दिसते ती बोटातली अंगठी. सोन्याचा अणुक्रमांक 79, शिशाचा 82, ॲल्युमिनियमचा फक्त 13. क्ष-किरण विभागातल्या एप्रनमध्ये अर्धा मिलिमीटर शिशाएवढं संरक्षण असलं तरी बरंच काम भागतं. कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूतून निघणाऱ्या, क्ष-किरणांहून जोरदार अशा गॅमा किरणांना तोच एप्रन जाणवतही नाही. त्यांची तीव्रता नुसती निम्मी करायलाच साधारण 12 मिलिमीटर शिसं लागतं.

हा एप्रन कधी घडी घालून ठेवत नाहीत, टांगून ठेवतात. घडीवर आतल्या शिसं मिसळलेल्या रबराला चीर जाते, आणि क्ष-किरणांना कितीही बारीक चीर चालते. बाहेरच्या कापडावरून ती दिसत नाही. म्हणून अधूनमधून त्या एप्रनचाच एक्स-रे काढून पाहतात.